हलक्या गॅरेजला जड पाया

तयार गॅरेज घ्यायचं ठरलं की पहिला फोन शेडवाल्याला जातो आणि दुसरा गवंड्याला. शेडवाला म्हणतो, "तुम्ही फक्त ओटा करून ठेवा, आम्ही दोन दिवसांत उभं करून देतो." गवंडी विचारतो, "ओटा कसा करायचा? नेहमीसारखाच ना?" आपण "हो" म्हणून मोकळे होतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. नेहमीच्या ओट्यावर फार तर चार खुर्च्या नि तुळशीवृंदावन असतं. गॅरेजच्या ओट्याला दोन कामं करायची असतात. गाडीचं वजन जमिनीत पोचवायचं आणि वादळवाऱ्यात शेड जमिनीला धरून ठेवायची. पहिल्या कामाची काळजी सगळेच करतात, खरं तर ते सोपं आहे. दुसऱ्या कामाचं नावही निघत नाही.

आपल्याकडे तयार गॅरेज म्हणजे बहुधा चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा, रंगीत पत्रा आणि पुढे रोलिंग शटर. एका मोटारीसाठी साधारण साडेतीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब. परदेशात काँक्रीटची अख्खी खोलीच कारखान्यात ओतून क्रेनने आणून ठेवतात, तिचं वजन दहा टनांच्या पुढे जातं. तिकडच्या माहितीपत्रकांत आणि व्हिडिओंत पायाची जी खोली सांगतात ती जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलली जाण्याच्या भीतीने ठरलेली असते. तो आकडा पुण्या-नागपुरात कामाचा नाही. माती वर उचलली जाणं मात्र आपल्याकडेही आहे, त्याचं कारण वेगळं आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी वाऱ्याचा हिशेब. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात पुणे आणि नाशिकला सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४ मीटर असा मूळ वेग धरला आहे. म्हणजे ताशी १४० आणि १५८ किलोमीटरच्या आसपास. हा रोजचा वारा नव्हे, पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकणारा झोत आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्यासाठी तो ९१३ येतो, म्हणजे सुमारे ९३ किलो. छप्पर साडेतीन गुणिले सहा, एकवीस चौरस मीटर. छपरावरून जाणारा वारा पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. बंद शेडला हा ओढा ढोबळमानाने पूर्ण दाबाइतका धरला तर एकूण १,९५० किलो होतात. अख्ख्या शेडचं वजन किती? पत्रा, पाइप, शटर सगळं धरून पाचशे-साडेपाचशे किलो. उरलेले चौदाशे किलो कोणी धरायचे? पायाने.

खांब सहा असतील तर एका खांबाच्या वाट्याला २३०-२३५ किलो येतात. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो भरतं. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल ठोकळा (२४३ किलो) जेमतेम पुरतो. पण शटर उघडं राहिलं आणि वारा आत शिरला, तर छत्री उलटी व्हावी तसं छप्पर आतूनही ढकललं जातं आणि ओढा दीडपट होतो. तेव्हा एका खांबाला जवळपास चारशे किलो धरावे लागतात. म्हणून मी एका गाडीच्या शेडला ६० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरच्या ठोकळ्याखाली जात नाही. त्याचं वजन पाचशे किलोंच्या थोडं वर भरतं, म्हणजे थोडी शिल्लक राहते. शेड मोठी असेल, मोकळ्या माळावर असेल, मुंबई किंवा नागपूरकडची असेल, तर हाच हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नीट करून घ्यावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिकडच्या घरांचे नि शेडचे पत्रे किती उडाले हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा आकडा जास्त वाटणार नाही.

सुटे ठोकळे न करता सगळा तळ एकसंध स्लॅबचा केला तर हिशेब बदलतो. एकवीस चौरस मीटरचा चार इंची स्लॅब पाच टनांचा होतो. एवढं वजन वाऱ्याला उचलवत नाही. पण मग खांब आणि स्लॅब यांचा सांधा हा कच्चा दुवा बनतो, कारण खांब नेमके स्लॅबच्या कडेला येतात आणि कडेचं काँक्रीट बोल्टसकट निखळून येऊ शकतं. त्यासाठी कडेची पट्टी चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४० सेंटिमीटर खोल करायची, तिच्यात सळया आणि रिंगा घालायच्या, स्लॅबची जाळी तिच्यात अडकवायची. जमीन चांगली असेल तर हा प्रकार सगळ्यात सोयीचा आणि बहुधा स्वस्तही पडतो.

आता हे 'जमीन चांगली असेल तर'. माझ्या मते गॅरेजच्या पायाचा निम्म्याहून अधिक निर्णय फावड्याच्या पहिल्या तासात होतो. दीड मीटर खोल एक खड्डा घ्या आणि आत काय दिसतं ते पाहा. कडक मुरूम लागला तर काळजी मिटली. वरची सैल माती नि झाडांची मुळं काढा, पाण्याने भिजवून धुम्मस करा, सोलिंग घाला आणि कामाला लागा. कोकणात कातळ लागला तर खोदाईची हौस करू नये. कातळात भोकं पाडून सळया ग्राउटने बसवायच्या आणि ठोकळा त्या सळयांना बांधायचा, म्हणजे वजनाचं काम कातळच करतो. मात्र वरून जांभा दिसला तरी खाली मऊ माती असू शकते, म्हणून पहारीचे दोन-चार घाव घालून बघावेत. भरावाची जमीन असेल, म्हणजे जुना नाला किंवा विहीर बुजवून केलेली, तर जागाच बदलता येते का ते आधी पाहा.

खरी डोकेदुखी काळ्या मातीची. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरकडचा बराच भाग. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बरं, घर जड असतं, ते थोडं तरी दाबून धरतं. आपली शेड पाचशे किलोंची, तिला माती सहज उचलते, तेही एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी. मग शटर अडकायला लागतं. शटरवाला येतो, ग्रीस लावतो, पैसे घेतो, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

माती किती फुगते हे बघायची एक साधी परीक्षा आहे, प्रयोगशाळेतही हीच करतात. माती वाळवून, कुटून अगदी बारीक चाळणीने चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. खुणा असलेल्या काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. दोन्हींत माती टाकून ढवळायची, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलच्या नळीत मातीचा थर १० मिलिलिटरवर आणि पाण्याच्या नळीत १८ वर थांबला, तर फुगवटा ८० टक्के. पन्नास टक्क्यांच्या आत असेल तर निभावतं. त्याच्या वर गेला की काळजी घ्यायची, शंभराच्या वर गेला तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. रॉकेल आता शोधावं लागतं हे खरं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळते.

काळ्या मातीत मुरूम मीटर-दीड मीटरवर असेल तर ठोकळे सरळ तिथपर्यंत उतरवावेत. त्याहून खोल असेल तर माती निदान ६० ते ९० सेंटिमीटर काढून टाकावी आणि मुरूम भरावा. तोही एकदम ट्रॉली उलटी करून नाही. पंधरा सेंटिमीटरचा थर, पाणी, रोलर किंवा धुम्मस, मग पुढचा थर. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा आवरता येतो हे दाखवलं आणि ही पद्धत कालव्यांच्या कामात रुजली. चिकणसर, न फुगणारा मुरूम निवडायचा तो याच कारणाने. खड्ड्यात वाळू भरण्याची चाल मात्र सोडावी. वाळूत पाणी साठतं आणि तेच पाणी खालच्या काळ्या मातीला पाजलं जातं. छपराला पन्हळ लावून पाणी पाइपाने लांब सोडावं आणि शेडभोवती मीटरभर रुंदीचा बाहेर उताराचा कोबा करावा. एवढ्याने ओल-सुकीचा खेळ बराच थांबतो. आणि काळ्या मातीत शेडमधली काँक्रीटची जमीन नि खांबांचे ठोकळे एकमेकांना चिकटवू नयेत. मध्ये बारा मिलिमीटरचा थर्मोकोल घालावा. जमीन वर-खाली झालीच तर ती एकटी होऊ दे, खांबांना घेऊन नको.

इथपर्यंत आलो आणि काँक्रीटच्या ताकदीचा विषयच निघाला नाही. लोक मात्र तिथूनच सुरुवात करतात. "५३ ग्रेडचं आणलंय, काळजी नको," असं दुकानातून ऐकून येतात. ५३ हा सिमेंटचा आकडा आहे, काँक्रीटचा नाही. सिमेंट आणि ठरावीक वाळूचा छोटा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन दाब सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. एम-२० मधला २० हा तुमच्या जागेवर, तुमच्या खडी-वाळूत, तुमच्या गवंड्याने केलेल्या काँक्रीटचा आकडा, १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर २८ दिवसांनी मोजलेला. ५३ ग्रेडच्या सिमेंटमधून एम-१० सुद्धा निघतं, पाण्याचा नळ मोकळा सोडला की झालं.

कोणता दर्जा घ्यायचा? आयएस ४५६ प्रमाणे सळई घातलेल्या काँक्रीटला एम-२० च्या खाली जायचं नाही. समुद्रापासून लांब, कोरड्या भागात गॅरेजला एम-२० पुरतं. ओलसर मातीत गाडलेला भाग आणि पावसात भिजणारा भाग यांना एम-२५. किनाऱ्यावर खारा वारा थेट लागत असेल तर एम-३० आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, पायात ५०. किनाऱ्यावरची ही वाढ वजनासाठी नाही. घट्ट काँक्रीटमधून खारेपणा सळईपर्यंत उशिरा पोचतो, त्यासाठी आहे. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, तिच्यातलं मीठ सळई आतून खातं. एक जुनी सवय अशी की जमिनीसाठी सिमेंट-वाळू-खडी १:२:४, म्हणजे ढोबळ एम-१५, वापरायचं, "तिथे कुठे ताकद लागते" म्हणून. एकवीस चौरस मीटरच्या चार इंची जमिनीत १:२:४ आणि एम-२० चं १:१.५:३ यांत फरक पडतो चारएक गोण्यांचा. जॅकखालचा आणि टायरच्या वाटेवरचा भाग पुढे पोपडे धरणार असेल तर ही बचत करण्यात अर्थ नाही.

एम-२५ हवं म्हणून गवंड्याला १:१:२ सांगणं हा उपाय नव्हे. मापाच्या प्रमाणावर भिस्त ठेवायची ती एम-२० पर्यंतच, मानकही तेवढीच मुभा देतं. पुढच्या दर्जासाठी मिक्स डिझाइन लागतं. रेडिमिक्सवाल्याकडे ते असतं, पण त्याचा ट्रक साधारण सहा घनमीटरचा आणि आपलं एकूण काम तीन-साडेतीन घनमीटरचं. अर्ध्या गाडीला दर जास्त लागतो. शेजाऱ्याचा कोबा किंवा अंगणाचा रस्ता त्याच दिवशी करून घेता आला तर हिशेब बसतो.

जागेवर मिक्सर लावून करणार असाल तर दोन गोष्टींवर स्वतः उभं राहावं, बाकी गवंड्यावर सोडावं. पहिली गोष्ट माप. एका गोणीत ३५ लिटर सिमेंट असतं, म्हणून वाळू-खडी मोजायचा फर्मा ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा हवा. घमेल्याने मोजलं तर सकाळचं घमेलं आणि दुपारचं घमेलं सारखं नसतं. ओली वाळू फुगलेली असते, कधी कधी पाव हिश्श्यापर्यंत, तेव्हा ओल्या वाळूचा फर्मा थोडा चढता भरावा. दुसरी गोष्ट पाणी. एम-२० ला एका गोणीमागे सत्तावीस-अठ्ठावीस लिटर, जास्तीत जास्त तीस, आणि वाळूतली ओल त्यातच धरायची. दुपारी बिगारी म्हणणार, "साहेब, माल सुका होतोय, घमेल्यातून सुटत नाही." आणि तुम्ही बघेपर्यंत पाइप मिक्सरमध्ये. तीसचं चाळीस लिटर झालं की ताकद सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटू शकते, म्हणजे पैसे एम-२० चे आणि काँक्रीट एम-१५ च्या खालचं. त्यावर उपाय प्लास्टिसायझरचा, गोणीमागे डब्यावर लिहिलेल्या मापात. माल सुटसुटीत होतो, पाणी वाढवावं लागत नाही. काँक्रीट टाकल्यावर व्हायब्रेटर फिरवावा. ठोकळ्यात सळईने कोचून भागतं, कडेच्या पट्टीत भागत नाही.

जमिनीची जाडी मोटारीसाठी चार इंच पुरे. ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर पाच, भरलेली ट्रॉली आत येणार असेल तर सहा. जाळी आठ मिलिमीटरच्या सळयांची, दोन्ही दिशांना वीस सेंटिमीटरवर. ही जाळी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी. जाळी सोलिंगवर पसरायची आणि काँक्रीट टाकताना "हाताने वर ओढतो" म्हणायचं, हा प्रकार चालू देऊ नका. ओढलेली जाळी माणूस पुढे सरकला की पुन्हा खाली बसते. खाली कव्हर ब्लॉक किंवा सळईच्या खुर्च्या ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी कटरने सहा मीटरच्या मधोमध एक इंच खोल काप मारावा. काँक्रीट आकसताना भेग पडणारच, ती त्या कापात पडते. उतार दाराकडे, मीटरला एक सेंटिमीटर.

बोल्टचं काम लहान आहे, पण त्यात चुका फार. खांब काँक्रीटमध्ये थेट गाडणं सोपं वाटतं, आणि दोन पावसाळ्यांत जमिनीच्या पातळीवर पाणी साचून खांब तिथेच गंजून बारीक होतो. त्यापेक्षा ठोकळा जमिनीच्या दीडशे मिलिमीटर वर काढा, माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या आणि त्यावर बेस प्लेट बसवा. बोल्ट काँक्रीट टाकतानाच बसवायचे असतील तर शेडवाल्याकडून बेस प्लेटच्या भोकांचं माप कागदावर घ्या, तोंडी नको. प्लायवुडचा साचा करून बोल्ट त्यात अडकवून ठेवा, आट्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिक गुंडाळा. चारही कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. साडेतीन आणि सहा मीटरला कर्ण ६.९५ मीटर यायला हवा. दोन कर्णांत पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर ओतण्यापूर्वीच दुरुस्त करा. एकसंध स्लॅबमध्ये नंतर भोक पाडून बोल्ट बसवणार असाल तर ते कडेपासून निदान १० ते १५ सेंटिमीटर आत हवेत. त्यामुळे स्लॅब पत्र्याच्या बाहेर थोडा येतो आणि त्या पट्टीवर पडलेला पाऊस आत येऊ पाहतो. म्हणून बाहेरची पट्टी दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवायची किंवा तिला बाहेर उतार द्यायचा, हे गवंड्याला ओतण्याआधी सांगावं लागतं.

शेडवाले बहुधा तिसऱ्या दिवशी दारात येतात. पी हळद नि हो गोरी, असं काँक्रीट करत नाही. सातव्या दिवशी त्याच्यात साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, तोपर्यंत सांगाडा उभा करू देऊ नका, आणि भोकं पाडून बोल्ट बसवायचे असतील तर आणखी थांबा. पाणी साध्या ओपीसी सिमेंटला सात दिवस आणि पीपीसीला दहा दिवस मारायचं. उन्हाळ्यात ओतलं असेल तर तेही कमीच. गोणपाट ओलं ठेवा, किंवा मातीची वाफ्यासारखी आळी करून पाणी उभं करा, नुसतं सकाळ-संध्याकाळ शिंपडून भागत नाही. मोटार पंधरा दिवसांनी आत घ्यावी, ट्रॅक्टर महिन्याने. उभारणी झाल्यावर बेस प्लेटखालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या, आणि मग दरवर्षी वळवाच्या आधी, एप्रिल संपता संपता, पाना घेऊन सगळे नट एकदा आवळून घ्या.